लॅब्राडूडल घरी आणण्यापूर्वी

लॅब्राडोर रिट्रीव्हर आणि पूडल यांच्या संकरातून निपजलेले लॅब्राडूडल हे कुत्रे गेल्या तीन-साडेतीन दशकांत ऑस्ट्रेलियातून अमेरिका व युरोपात आणि तेथून भारतातील मोठ्या शहरांत पोचले, आणि त्याच्यापाठोपाठ त्याच्याविषयीच्या काही समजुतीही सर्वत्र पसरल्या. त्याचे केस गळत नाहीत, त्याच्यामुळे ॲलर्जी होत नाही आणि संकरित असल्यामुळे ते शुद्ध जातीच्या कुत्र्याहून निरोगी असते, असे खरेदीदाराला हमखास सांगितले जाते. यांतील प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे. परंतु तेवढ्या तथ्यावर विसंबून बारा-चौदा वर्षांच्या सोबतीचा निर्णय घेणे माणसांना आणि त्या मुक्या जिवालाही महागात पडू शकते.

एखाद्या जातीच्या नर-मादीची पिल्ले पिढ्यान्पिढ्या आईबापांच्याच वळणावर जातात आणि त्यांची वंशावळ रीतसर नोंदलेली असते, तेव्हा ती जात स्थिर झाली असे मानतात. या कसोटीला बहुसंख्य लॅब्राडूडल उतरत नाहीत, आणि म्हणूनच बेल्जियममधील एफसीआय हा जागतिक महासंघ, ब्रिटन व अमेरिकेतील केनेल क्लब आणि चेन्नईस्थित केनेल क्लब ऑफ इंडिया यांपैकी कोणीही त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिलेली नाही. शुद्ध लॅब्राडोरचे पिल्लू घेणाऱ्याला ते मोठेपणी कसे दिसेल, किती वाढेल, अंगावर कसे केस येतील याचा बराचसा अंदाज आधीच बांधता येतो. लॅब्राडूडलच्या एकाच वेतातील पाच पिल्लांपैकी एक पूडलसारखे कुरळे, एक लॅब्राडोरसारखे सपाट केसांचे आणि बाकीची मधल्या कुठल्या तरी वळणाची निघू शकतात, आणि स्वभावाचीही तीच गत असते.

त्यामुळे संकराविषयी काही ठरवण्यापूर्वी त्याचे दोन्ही मूळ वंश ओळखून घ्यावे लागतात. लॅब्राडोरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांच्या हाताखाली काम करणारे कुत्रे होते. थंड पाण्यात वावरण्यासाठी त्यांच्या अंगावर बाहेरून आखूड राठ केस आणि आतून दाट मऊ लव असे दुहेरी आच्छादन तयार झाले, आणि ही लव वर्षभर थोडीथोडी व ऋतुबदलाच्या काळात भरभरून गळते. पूडल हेही मूळचे पाण्यात उतरून शिकार उचलून आणणारे कुत्रे असून त्याचा उगम बहुतेक तज्ज्ञ जर्मनीत मानतात. त्याच्या अंगावरचे कुरळे केस माणसाच्या केसांप्रमाणे दीर्घकाळ वाढत राहतात, आणि गळलेला केस जमिनीवर न पडता शेजारच्या कुरळ्यांत अडकतो. पूडल मोठ्या, मध्यम आणि अगदी लहान अशा आकारांत आढळत असल्यामुळे लॅब्राडूडलचा आकारही पूडल पालक कोणत्या आकाराचा होता यावर अवलंबून राहतो. मोठ्या पूडलपासून झालेले लॅब्राडूडल पंचवीस-तीस किलोपर्यंत सहज भरते. दोन्ही वंश दिवसभर पाण्याकाठी राबण्यासाठी घडलेले आहेत, ही बाब त्यांचे गोंडस रूप पाहताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा संकर घडवण्यामागे एक निश्चित आणि अतिशय मर्यादित हेतू होता. हवाई बेटांवरील एका अंध महिलेला मार्गदर्शक कुत्र्याची गरज होती, पण तिच्या पतीला कुत्र्यांच्या केसांची ॲलर्जी होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिने ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेकडे विचारणा केली. तेथील प्रजनन व्यवस्थापक वॉली कॉनरन यांनी आधी मोठ्या पूडलनाच प्रशिक्षण देण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यांपैकी एकही या कामाला योग्य ठरेना, तेव्हा त्यांनी लॅब्राडोर मादी आणि पूडल नर यांचा संकर केला. १९८९ मध्ये झालेल्या या वेतातील तीन पिल्लांच्या केसांचे व लाळेचे नमुने हवाईला पाठवण्यात आले आणि त्यांपैकी सुलतान नावाच्या एकाच पिल्लाच्या नमुन्यांचा त्या पतीला त्रास झाला नाही. सुलतान प्रशिक्षण पूर्ण करून हवाईला गेला, मात्र उरलेल्या दोघांना प्रशिक्षणकाळात सांभाळण्यासाठी कुटुंबे मिळेनात, कारण संकरित कुत्रे कोणालाच नको होते. तेव्हा कॉनरन यांनी मार्गदर्शक कुत्र्यांचा हा नवा प्रकार ‘लॅब्राडूडल’ या नावाने वृत्तपत्रांतून जाहीर करवला, आणि तेवढ्याने मागणीचा ओघ सुरू झाला.

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग नेमका विस्मरणात गेला आहे. पहिल्याच वेतात तीनपैकी एकच पिल्लू उपयोगी ठरले, आणि कॉनरन यांनी पुढे सांगितल्यानुसार दहा पिल्लांच्या एका नंतरच्या वेतातही केवळ तिघांचे केस ॲलर्जीच्या दृष्टीने सुसह्य होते. म्हणजे ज्याने हे कुत्रे घडवले त्याने प्रत्येक पिल्लू स्वतंत्रपणे तपासले होते. ज्यांनी ते विकायला घेतले त्यांनी त्या तपासणीचा निष्कर्ष सगळ्या पिल्लांना सरसकट लावून टाकला. आरोग्यचाचण्यांशिवाय, केवळ किमतीसाठी होणारी पैदास पाहून कॉनरन यांनी आपल्या या निर्मितीबद्दल पुढे जाहीर खेद व्यक्त केला, आणि तो खेद कोणाही खरेदीदाराने मनावर घ्यावा असाच आहे. २००९ मध्ये अमेरिकेचे नवनिर्वाचित अध्यक्ष बराक ओबामा यांच्या मुलींसाठी ॲलर्जीच्या कारणाने लॅब्राडूडल किंवा पोर्तुगीज वॉटर डॉग यांचा विचार होत असल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा या प्रकारच्या कुत्र्यांची चर्चा घरोघर गेली; ओबामा कुटुंबाने अखेर पोर्तुगीज वॉटर डॉग निवडला.

ॲलर्जीचा प्रश्न नीट समजून घेण्यासाठी ती कशाने होते हे पाहावे लागते, कारण केस हे तिचे मूळ कारण नव्हेच. कुत्र्याची लाळ, त्वचेतील ग्रंथींचे स्राव आणि मूत्र यांत काही प्रथिने असतात. माणसाची रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना शत्रू समजून प्रतिक्रिया देते, तेव्हा शिंका, डोळ्यांची आग, पुरळ किंवा दम्याचा झटका येतो. यांतील ‘कॅन एफ १’ हे प्रमुख प्रथिन लाळेतून व त्वचेच्या कोंड्यातून वाळून अतिसूक्ष्म कणांवर बसते, हवेत तरंगते, आणि कपडे, गाद्या, भिंती यांना चिकटते. केस गळणारे कुत्रे हे कण घरभर पसरवते एवढे खरे, पण न गळणाऱ्या केसांचे कुत्रेही अंग चाटते, त्यालाही लाळ असते आणि कोंडाही होतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅब्राडूडल आणि पूडल यांच्यासह निरनिराळ्या कुत्र्यांचे केस व त्यांच्या घरांतील धूळ तपासली. तथाकथित ‘ॲलर्जीमुक्त’ कुत्र्यांच्या केसांवर या प्रथिनाचे प्रमाण इतरांपेक्षा कमी नव्हे तर जास्तच आढळले. लॅब्राडूडलच्या घरांत जमिनीवरील धुळीत ते काहीसे कमी भरले, पण हवेतील प्रमाणात फरक दिसला नाही. कोणत्याही जातीला ॲलर्जीमुक्त म्हणण्यास आधार नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता, आणि त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतील डेट्रॉइट येथे झालेल्या घरांच्या पाहणीतूनही वेगळे काही निष्पन्न झाले नव्हते.

असे असूनही काही माणसांना काही लॅब्राडूडलचा त्रास होत नाही हेही खरे आहे, कारण प्रथिनांचे प्रमाण एकाच प्रकारच्या दोन कुत्र्यांत बरेच वेगळे असू शकते. ‘कॅन एफ ५’ हे आणखी एक प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते. ज्यांना केवळ त्याचीच ॲलर्जी असते अशा व्यक्तींना मादी किंवा खच्ची केलेला नर सहन होऊ शकतो, आणि हा भेद रक्ततपासणीतून कळतो. घरात दमा किंवा ॲलर्जी असलेली व्यक्ती असेल तर आधी ॲलर्जीतज्ज्ञांकडून अशी तपासणी करून घेणे आणि नंतर, त्यांच्या सल्ल्याने, ज्या विशिष्ट कुत्र्याचा विचार चालला आहे त्याच्याच सहवासात वेगवेगळ्या दिवशी काही तास घालवून पाहणे हा एकमेव भरवशाचा मार्ग होय. आठ आठवड्यांच्या पिल्लाजवळ पाच मिनिटे बसून शिंक आली नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. कुत्र्याला वारंवार आंघोळ घातल्याने प्रथिनाचे प्रमाण उतरते, परंतु ते काही दिवसांतच पूर्ववत होत असल्याने आठवड्यातून दोनदा आंघोळीचा परिपाठ ठेवावा लागतो, आणि तो ठेवणे फार थोड्या घरांना जमते.

पिल्लाच्या अंगावर मोठेपणी कसे केस येतील हे काही मोजक्या जनुकांवर ठरते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की कुत्र्यांच्या केसांतील बहुतेक वैविध्य तीन जनुकांनी स्पष्ट होते. एकावर केसांची लांबी, दुसऱ्यावर कुरळेपणा, आणि तिसऱ्यावर मिशा, दाढी व भुवयांच्या जागी येणारी झुपकेदार वाढ अवलंबून असते. हा झुपकेदारपणा प्रभावी गुण आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. म्हणून लॅब्राडोर आणि पूडल यांच्या थेट संकरात, ज्याला विक्रेते ‘एफ १’ म्हणतात, तो सर्वच पिल्लांत उतरतो. पण अशा दोन एफ १ कुत्र्यांचे मीलन घडवले की पुढच्या, म्हणजे ‘एफ २’ पिढीत सरासरी चारांतील एक पिल्लू झुपक्यांविना, लॅब्राडोरच्या वळणाचे आणि भरपूर केस गाळणारे निघते. एफ १ चा पुन्हा पूडलशी संकर केला तर ‘एफ १ बी’ पिल्ले मिळतात. त्यांत तीन हिस्से पूडल असल्याने केस कमी गळण्याची शक्यता वाढते. अनेक पिढ्यांच्या निवडीतून तयार झालेल्या ‘ऑस्ट्रेलियन लॅब्राडूडल’ या शाखेत तर, २०२० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी केलेल्या जनुकीय विश्लेषणानुसार, पूडलचा वाटा लॅब्राडोरपेक्षा कितीतरी अधिक आहे. न गळणारे केस हवे असतील तर मनुष्य नकळत पूडलकडेच सरकत जातो, आणि अशा कुटुंबाने सरळ मोठ्या आकाराचा पूडलच का पाळू नये, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

जो केस जमिनीवर पडत नाही तो कुत्र्याच्या अंगावरच राहतो, आणि तेथून तो काढण्याचे काम माणसाकडे येते. लॅब्राडोरची मऊ लव आणि पूडलचे कुरळे केस एकाच अंगावर आले म्हणजे गळालेली लव कुरळ्यांत अडकून त्वचेलगत गुंता होतो. वरून फिरवलेला ब्रश त्याला स्पर्शही करत नाही, त्यामुळे बाहेरून फुललेला दिसणारा कुत्रा आतून लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट विणला गेलेला असू शकतो. विंचरण्याची योग्य रीत वेळखाऊ आहे. एका हाताने केसांचा थर वर उचलून खालच्या त्वचेची फिकट रेघ दिसेल असा भांग पाडायचा, त्या रेघेलगतचे केस बारीक वाकड्या तारांच्या ब्रशने मुळापासून टोकापर्यंत सोडवायचे, मग स्टीलची फणी त्वचेला टेकवून बाहेर ओढायची आणि ती कोठेही न अडकता निघाली की बोटभर वर सरकून पुढचा भांग पाडायचा. कानांमागे, पुढच्या पायांच्या बगलेत, मांड्यांच्या आतल्या बाजूस, शेपटीच्या बुडाशी आणि गळपट्टा घासतो तेथे फणी हमखास अडते. आंघोळ या कामानंतरच घालायची, कारण पाणी लागताच राहिलेला गुंता आणखी आवळतो. एवढे सगळे आठवड्यातून तीन-चारदा आणि शिवाय दर सहा ते आठ आठवड्यांनी केस कापून घेणे असा हा हिशेब आहे. साधारण आठ महिने ते एक वर्षाच्या दरम्यान पिल्लाचे कोवळे केस जाऊन प्रौढ केस येतात, तेव्हा गुंता एवढ्या वेगाने होतो की रोज विंचरल्याशिवाय निभावत नाही. नेमक्या याच काळात अनेक घरे हात टेकतात. गुंता एकदा त्वचेशी बसला की तो सोडवू पाहणे ही कुत्र्याची निव्वळ छळवणूक ठरते आणि सर्व केस मुळाशी कापून टाकणे हाच दयाळू उपाय उरतो.

महाराष्ट्र व गोव्याच्या हवेत या केसांची काळजी आणखी वाढते. कोकणपट्टीच्या दमट पावसाळ्यात भिजलेले दाट केस त्वचेपर्यंत सुकले नाहीत तर तेथे बुरशी आणि ओलसर, खाजरे व्रण होतात, म्हणून नुसत्या टॉवेलावर न भागवता गरम नसलेल्या हवेचा झोत देणारे यंत्र वापरून केस मुळापासून कोरडे करावे लागतात. लोंबते कान आणि कानाच्या नळीतील केस यांमुळे आत हवा खेळत नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदा कान उलटून पाहणे, आंबूस वास किंवा तपकिरी मळ आढळल्यास पशुवैद्याला दाखवणे आवश्यक असते. गोचिडी अशा केसांत दडून बसतात आणि त्यांच्यापासून होणारा गोचीड-ताप वेळीच न ओळखल्यास जिवावर बेतू शकतो. कुत्रे मुख्यतः धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकते, तेव्हा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याला पहाटे व उशिरा संध्याकाळीच बाहेर नेणे, आणि केस तीन-चार सेंटिमीटरपर्यंत आखूड ठेवणे इष्ट.

संकरित कुत्रे निरोगी असते या समजुतीमागचे तत्त्व खरे आहे. अनेक आनुवंशिक रोग अप्रभावी असतात, म्हणजे सदोष जनुक दोन्ही पालकांकडून आले तरच रोग प्रकट होतो. लॅब्राडोरमध्ये आढळणारा, जोरदार धावपळीनंतर मागचे पाय लुळे पडून कुत्रे कोसळण्याचा विकार या प्रकारचा आहे. तो पूडलमध्ये सहसा नसल्याने थेट संकरातील पिल्लू त्यापासून बहुधा सुरक्षित राहते. परंतु दृष्टिपटल हळूहळू निकामी करून अंधत्व आणणाऱ्या एका रोगाचे तेच सदोष जनुक लॅब्राडोरमध्येही असते आणि लहान आकाराच्या पूडलमध्येही असते, म्हणून दोन्ही पालक वाहक असतील तर संकर काहीही संरक्षण देत नाही. खुब्याचा व कोपराचा सांधा नीट न बसण्याचा विकार, ज्याला हिप आणि एल्बो डिस्प्लेशिया म्हणतात, तोही दोन्ही वंशांत आहे. मोठ्या पूडलकडून ॲडिसनचा रोग, त्वचेतील तैलग्रंथींचा दाह आणि जठराला पीळ पडण्याची प्रवृत्ती येऊ शकते. लॅब्राडोरकडून हावरटपणा येतो आणि त्यामागेही जनुकीय कारण आहे: केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की सुमारे पाव हिस्सा लॅब्राडोरमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. ब्रिटनमधील रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ मध्ये लॅब्राडूडलसह पूडलच्या तीन लोकप्रिय संकरांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, तेव्हा जवळपास ८७ टक्के तुलनांमध्ये रोगांच्या प्रमाणात कोणताच फरक आढळला नाही.

म्हणून पिल्लू पाहण्याआधी त्याच्या आईबापांचे कागद पाहावेत. दोन्ही पालकांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी, डोळ्यांची तपासणी आणि जनुकीय चाचण्यांचे अहवाल जो दाखवू शकत नाही, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. ‘केनेल क्लबच्या कागदांसह’ लॅब्राडूडल देऊ करणारा विक्रेता तर उघडच दिशाभूल करतो, कारण तो क्लब या संकराची जात म्हणून नोंद करतच नाही. असे कागद असलेच तर ते लॅब्राडोर व पूडल पालकांचे असू शकतात, आणि ते तसे मागावेत. भारतात परदेशी कुत्र्यांच्या व्यापारी आयातीवर २०१६ मध्ये निर्बंध आले, तेव्हा ‘इम्पोर्टेड’ पालकांचा दावा झाल्यास त्याचाही पुरावा मागणे रास्त आहे. श्वान प्रजनन व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक असून आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. पिल्लाला आईजवळ, ते वाढले त्या जागेतच पाहण्याचा आग्रह धरावा. गाडीतून किंवा चौकात हातोहात पिल्लू देणाऱ्याला आईची अवस्था दाखवायची नसते.

स्वभावाच्या बाबतीत दोन्ही वंशांची हुशारी आणि माणसांची ओढ लॅब्राडूडलमध्ये सहसा उतरते, आणि हीच त्याची खरी दौलत आहे. ही हुशारी मात्र काम मागते. रोज किमान तासाभराचे फिरणे-धावणे, वस्तू शोधून आणण्यासारखे खेळ आणि थोडे प्रशिक्षण यांवाचून मोठे लॅब्राडूडल फर्निचर कुरतडू लागते, अखंड भुंकते किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यावर उड्या मारते. दिवसभर कुलूपबंद राहणाऱ्या फ्लॅटमध्ये त्याला ठेवणे अन्यायाचे आहे. वयाच्या तिसऱ्या ते सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू जग ओळखायला शिकते, आणि या काळात निरनिराळी माणसे, आवाज व जागा यांच्याशी जसा परिचय होईल तशी त्याची पुढची धिटाई किंवा भीती ठरते. ब्रश, फणी आणि केस वाळवणाऱ्या यंत्राचा आवाज यांचीही ओळख त्याला तेव्हाच, खाऊच्या सोबतीने, करून द्यावी लागते.

ज्या घरात ॲलर्जीचा किंवा वेळेचा प्रश्न आहे, त्या घराला पिल्लापेक्षा दोन-तीन वर्षांचे, मूळ मालकाला सांभाळता न आलेले लॅब्राडूडल दत्तक घेणे अधिक सोयीचे ठरते. त्याची उंची, वजन आणि केसांचा पोत तोवर ठरून गेलेला असतो, खुब्यांची तपासणी विश्वासाने करता येते, आणि चार-पाच भेटींत त्याचा स्वभाव व घरच्यांना होणारा त्रास दोन्ही कळून चुकतात. असे कुत्रे येते तेव्हा त्याचे केस गुंतून घट्ट झालेले असले, तर ते मुळाशी कापून टाकून नव्याने वाढू द्यावेत. ते पुन्हा लांब होण्यास काही महिने लागतात, आणि तेवढ्या अवधीत रोज पाच-दहा मिनिटे फणी फिरवून त्याला विंचरून घेण्याची सवय लावता येते.